दिव्यांची वांटणी

मुलांच्या शास्त्राच्या पुस्तकांत विजेचें प्रकरण आलें म्हणजे दोन आकृत्या हमखास भेटतात. एकींत दोन दिवे एकामागोमाग एक, माळेंतल्या मण्यांप्रमाणें ओंवलेले असतात. दुसरींत ते शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें दोन तारांच्या मध्यें आडवे टांगलेले असतात. पहिलीस एकसर जोडणी आणि दुसरीस समांतर जोडणी अशीं नांवें मुलें पाठ करितात. दुसरीचें तें अपूर्णांकांचें सूत्रही पाठ करितात. आणि परीक्षा संपली कीं पुष्कळांच्या डोक्यांत दोहोंची अदलाबदल होऊन जाते. यांत मुलांचा दोष थोडा आहे. ही दुसरी आकृति कोणत्या अडचणींतून जन्मास आली, हें त्यांना कोणी सांगतच नाहीं. आपल्या घरांतला प्रत्येक दिवा, प्रत्येक पंखा या शिडीची एकेक पायरी आहे. परंतु मुलाला ही शिडी जितकी साधी दिसते, तितकी ती १८७९ सालीं लंडनमधील जाणत्या विद्युच्छास्त्रज्ञांना दिसत नव्हती. कित्येकांनीं तर ती व्यवहारांत उतरणें अशक्य आहे असें गणितानें सिद्ध करून दाखविलें होतें! त्या वादाची हकीकत आज सांगावयाची आहे.

त्या वेळीं विजेचा दिवा अगदीं अज्ञात होता असें नाहीं. कोळशाच्या दोन कांड्यांमध्यें विजेची झगझगीत ज्योत उभी करणारा आर्क दिवा सर हंफ्री डेव्हीच्या काळापासून ठाऊक होता, आणि चांगलीं डायनॅमो यंत्रें हातीं आल्यावर तो रस्त्यावरही आला. पावेल याब्लोच्कोव्ह या रशियन इंजिनिअरानें काढलेल्या विजेच्या ‘मेणबत्त्या’ १८७८ सालीं पॅरिसच्या आव्हेन्यू द लोपेरा या राजरस्त्यावर झळकल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनमध्यें थेम्स नदीच्या बांधावरही लागल्या. लोक पाहावयास जमले, पण हा दिवा घरांत घेण्याजोगा नव्हता. त्याचा प्रकाश डोळ्यांना सोसवत नसे, त्याचा धूर होई, कांड्या वरचेवर बदलाव्या लागत. शिवाय हे दिवे एकसर जोडलेले असल्यामुळें एक मेणबत्ती विझली कीं त्या मंडलांतल्या सगळ्याच विझत.

त्या काळच्या युरोप-अमेरिकेंतील शहरी घरांत गॅसचे दिवे होते. जमिनीखालून नळ आलेला असे, खोलीखोलींत तोट्या असत, आणि ज्याला हवा त्यानें आपला दिवा लावावा वा विझवावा. शेजारणीनें आपली तोटी बंद केली म्हणून आपल्या स्वयंपाकघरांत अंधार होत नसे. विजेला गॅसशीं स्पर्धा करावयाची तर तिला एवढें तरी साधलें पाहिजे होतें. एका मोठ्या दिव्याचे अनेक लहान दिवे करावयाचे आणि प्रत्येकाला आपापलें बटण द्यावयाचें, या प्रश्नास तेव्हां ‘विजेच्या प्रकाशाची वांटणी’ असेंच नांव पडलें होतें. आपल्याकडे वांटणी म्हटली कीं प्रत्येकाचा वांटा लहान होतो आणि वर भांडण होतें, हें आपण गृहीत धरतों. शास्त्रज्ञांनींही वेगळें कांहीं गृहीत धरलें नव्हतें.

वाद नीट समजावा म्हणून येथें थोडें थांबून मुलाच्या हातीं सामान देऊं. दीड-दीड व्होल्टचे दोन कोरडे घट, तीन व्होल्टवर जळणारे, तंतु असलेले टॉर्चचे दोन सारखे बारीक दिवे, त्यांचे होल्डर आणि थोडी तार, एवढें पुरे. (घरांतल्या प्लगाशीं हा खेळ कधींही करूं नये. तेथें २३० व्होल्टचा दाब असतो आणि तो जीव घेतो.) दोन्ही घट एकामागें एक ठेविले म्हणजे तीन व्होल्टचा दाब मिळाला. प्रथम एकच दिवा लावावा व त्याचा उजेड नीट पाहून ठेवावा. मग दुसरा दिवा त्याच वाटेवर, पहिल्याच्या पुढें जोडावा. दोन्ही दिवे मंद होतात. दाब तोच, पण प्रवाहाला एका रोधाऐवजीं दोन रोध ओलांडावयाचे असतात, आणि प्रत्येक दिव्याच्या वांट्याला अर्धाच दाब येतो. आतां कोणताही एक दिवा काढून घ्यावा. दुसराही विझतो, कारण वाट एकच होती आणि ती तुटली.

यानंतर दोन्ही दिवे सोडवून शिडी बांधावी. घटांच्या एका टोंकापासून एक लांब तार, दुसऱ्या टोंकापासून दुसरी, आणि मध्यें दोन पायऱ्या म्हणजे दोन दिवे. दोन्ही दिवे, पूर्वीं एकटा जळत होता तितक्याच तेजानें जळतात. एक काढला तर दुसऱ्याला त्याची दादही नसते. मुलाला येथें एक शंका यावी, आणि न आली तर ती आपण काढावी: दोन दिवे पूर्ण तेजानें जळतात, मग वीज फुकट मिळाली कीं काय? नाहीं. प्रत्येक दिवा आपापला प्रवाह ओढतो आणि घटांतून दोघांची बेरीज निघते. एका दिव्याचा रोध दहा ओहम धरला, तर तीन व्होल्टवर त्यांतून ०·३ अँपिअर प्रवाह जातो. दोन पायऱ्यांतून मिळून ०·६ जातो. म्हणजे घटाच्या दृष्टीनें पाहतां दोन दिव्यांचा मिळून रोध वीस ओहम न होतां पांच ओहम झाला! पुस्तकांतलें तें अपूर्णांकांचें सूत्र एवढेंच सांगतें. देवळाला दुसरा दरवाजा उघडला कीं गर्दीला होणारी अडचण वाढत नाहीं, कमी होते. पायऱ्या वाढवाव्या तसा एकूण रोध उतरतो, एकूण प्रवाह चढतो, आणि घट लौकर संपतो.

हें गणित १८७९ सालीं नवें नव्हतें. गेओर्ग ओहम या कोलोन येथील शाळामास्तरानें दाब, रोध व प्रवाह यांचा संबंध १८२७ सालीं पुस्तकरूपानें मांडला होता. त्या पुस्तकाचें स्वागत इतकें थंडपणें झालें कीं बिचाऱ्यानें नोकरीच सोडली. पुढें १८४१ सालीं इंग्लंडच्या रॉयल सोसायटीनें त्याला कॉप्ले पदक दिलें. फुटलेल्या वाटांतून प्रवाह कसा वांटला जातो याचे नियम गुस्टाव्ह किर्खोफनें १८४५ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, विद्यार्थी असतांनाच दिले. म्हणजे सूत्रें कागदावर येऊन तीस-चाळीस वर्षें लोटलीं होतीं. मग अडलें कोठें?

अडलें दोन ठिकाणीं. आपल्या मुलाच्या प्रयोगांतही तीं दोन्ही ठिकाणें सांपडतात. घट जरा जुने घेऊन शिडीला तिसरा, चौथा, पांचवा दिवा लावीत जावा. पुस्तक म्हणतें कीं कोणाचाही उजेड कमी होऊं नये. पण डोळे सांगतात कीं प्रत्येक नव्या दिव्यागणिक सगळेच किंचित् मंदावतात. पुस्तक खोटें नाहीं. घटाला स्वतःचाही थोडा रोध असतो, आणि एकूण प्रवाह वाढला कीं दाबाचा कांहीं भाग घटाच्या पोटांतच खर्च होतो. हुशार मुलाला ही गोष्ट खटकते, आणि ‘घट जुना आहे’ असें म्हणून तिची बोळवण करणें बरें नाहीं, कारण नेमकी हीच गोष्ट लंडनच्या पंडितांना खटकली होती. त्या काळचे डायनॅमो आंतून बरेच रोधयुक्त होते. शिवाय, बाहेरचा रोध यंत्राच्या आंतल्या रोधाइतका असला म्हणजे यंत्राकडून जास्तींत जास्त काम मिळतें, हा नियम खरा असल्यामुळें सर्वजण तोच आदर्श धरून बसले होते. पण त्या स्थितींत निम्मी वीज यंत्रालाच तापविण्यांत जाते! जास्तींत जास्त काम आणि कमींत कमी नासाडी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हा घोटाळा तेव्हां भल्याभल्यांनीं केला, आणि अजूनही पुष्कळ विद्यार्थी करितात.

दुसरी अडचण तांब्याची. पायऱ्या वाढल्या कीं शिडीच्या दोन मुख्य तारांतून जाणारा प्रवाह बेरजेनें फुगत जातो. प्रवाह दुप्पट झाला तर तारेंतली उष्णता दुप्पट होत नाहीं, चौपट होते. हा जूलचा नियम. ती उष्णता वाया जाऊं द्यावयाची नसेल तर तारा जाड हव्या. शहरभर दिवे द्यावयाचे तर तांब्याचे अक्षरशः खांब पुरावे लागतील असा हिशेब निघे. ब्रिटिश टपाल खात्याचे विद्युत्तज्ज्ञ विल्यम प्रीस यांनीं १८७९ च्या आरंभीं लंडन येथें व्याख्यान देऊन सांगितलें कीं विजेच्या प्रकाशाची वांटणी हा निव्वळ चकवा आहे, रानांत वाटसरूला भुलविणाऱ्या दिवटीसारखा. प्रीस हे कांहीं अडाणी गृहस्थ नव्हते. ज्या तऱ्हेचे डायनॅमो आणि ज्या तऱ्हेचे दिवे त्यांनीं गृहीत धरले होते, त्यांच्यापुरतें त्यांचें गणित ठीकच होतें.

त्यांना डिवचलें होतें तें अटलांटिकच्या पलीकडील एका घोषणेनें. थॉमस एडिसन यानें सप्टेंबर १८७८ मध्यें कनेक्टिकट संस्थानांतील अन्सोनिया येथें विल्यम वॉलेसच्या कारखान्यांतले आर्क दिवे पाहिले, आणि थोड्याच दिवसांत वर्तमानपत्रांना सांगून टाकलें कीं वांटणीचा प्रश्न आपण सोडविला आहे. ही बातमी लंडनला पोंचतांच गॅस कंपन्यांच्या शेअरांचे भाव कोसळले. वस्तुतः त्या वेळीं एडिसनच्या हातीं सांगण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. प्लॅटिनमच्या तारेचा एक बेत होता, तोही पुढें फसला. बोलण्याची ही पद्धत शास्त्रज्ञाला शोभणारी नव्हे, व्यापाऱ्याची आहे. परंतु त्या व्यापारीपणांतच त्याचें यशही होतें असें मला वाटतें. इतर लोक दिवा शोधीत होते; एडिसन गॅस कंपनीचा जमाखर्च उलगडून बसला होता आणि एका दिव्यामागें तांबें किती रुपयांचें लागेल, हा प्रश्न पहिल्यानें विचारीत होता. (रुपयांचें नव्हे, डॉलरांचें.) या कामीं त्यानें प्रिन्स्टनला शिकलेला व बर्लिनला हेल्महोल्ट्झच्या हाताखालीं अभ्यास केलेला फ्रान्सिस अप्टन हा गणिती आपल्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेंत घेतला.

त्या हिशेबाचा गाभा आठवीच्या मुलाला समजेल इतका सोपा आहे. सोयीसाठीं शंभर वॉटचा दिवा घेऊं. त्याचा रोध एक ओहम असला तर त्याला दहा व्होल्टचा दाब व दहा अँपिअर प्रवाह लागेल. असे हजार दिवे शिडीवर टांगले तर मुख्य तारांतून दहा हजार अँपिअर न्यावे लागतील. आतां त्याच शंभर वॉटच्या दिव्याचा रोध शंभर ओहम केला तर दाब शंभर व्होल्ट लागेल, पण प्रवाह एकच अँपिअर. हजार दिव्यांचे मिळून हजार अँपिअर झाले. प्रवाह दहावा हिस्सा, म्हणून त्याच तारेंतली नासाडी शंभरावा हिस्सा. किंवा उलट बोलावयाचें तर, तितकीच नासाडी चालवून घेतल्यास तारेंतलें तांबें शंभरपट कमी करतां येईल. दिवा पूर्वींइतकाच उजळ. बदलला फक्त त्याचा रोध! जे सर्वजण रोधाला शत्रु समजून तो कमी करावयास धडपडत होते, त्यांना हा उपाय सुचणें कठीणच होतें. एडिसनला रोध हवाच होता, मात्र तो दिव्यांत. डायनॅमोच्या पोटांत आणि तारांत नको. म्हणून त्यानें आंतून अगदीं थोडा रोध असलेला डायनॅमोही बांधविला.

अशा दिव्याला केंसासारखा बारीक व लांब तंतु हवा, आणि तो वितळतां कामा नये. इंग्लंडांत जोसेफ स्वान हा न्यूकॅसलचा रसायनशास्त्रज्ञ निर्वात गोळ्यांत कोळशाचा तंतु जाळण्याचे प्रयोग एडिसनच्या पूर्वींपासून करीत होता, व त्यानें आपला दिवा १८७८-७९ च्या हिवाळ्यांत दाखविलाही. ‘दिवा एडिसननें शोधला’ हें वाक्य त्यामुळें अन्यायाचें आहे. परंतु स्वानच्या त्या पहिल्या दिव्यांतली कोळशाची कांडी जाड व अल्परोधाची होती. एका खोलींत तो सुंदर जळे, पण शिडीवर शहरभर टांगण्याच्या कामाचा नव्हता. ऑक्टोबर १८७९ मध्यें मेन्लो पार्क येथें सुती दोरा जाळून केलेला बारीक तंतु कित्येक तास टिकला. नोव्हेंबरमध्यें पेटंटाचा अर्ज गेला, त्यांत भर दिला होता तो उच्च रोधावरच. आणि वर्षाच्या शेवटच्या रात्रीं लोकांनीं गाड्या भरभरून येऊन ते दिवे पाहिले. १८८१ च्या पॅरिस येथील विद्युत्-प्रदर्शनांत एडिसनची सबंध योजना मांडलेली पाहून प्रीस यांनीं, आपण एडिसनवर कडक टीका करणाऱ्यांत अग्रेसर होतों असें कबूल करून, त्यानें प्रश्न सोडविला आहे असें जाहीर रीतीनें सांगितलें. पुढें १८८३ मध्यें स्वान व एडिसन यांच्या इंग्लंडांतील कंपन्याही एक झाल्या.

न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजघर ४ सप्टेंबर १८८२ रोजीं दुपारीं सुरू झालें. एडिसन त्या वेळीं वॉल स्ट्रीटवर ड्रेक्सेल, मॉर्गन आणि मंडळी या आपल्या भांडवलदार पेढीच्या कचेरींत उभा होता, आणि तेथेंच त्यानें दिवे लावले. पहिल्या दिवशीं सुमारें ४०० दिवे लागले. दोन वर्षांनंतर त्यांची संख्या दहा हजारांवर गेली होती. तारा त्यानें गॅसच्या नळांप्रमाणें रस्त्याखालून नेल्या. अर्धगोल तांब्याच्या कांबी लोखंडी नळींत बसवून मध्यें विद्युद्रोधक रांधा ओतलेला असे. रस्ते खणण्याचें काम इतकें रखडलें कीं आजच्या पुणें-मुंबईकरांना त्याचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं.

शिडी जमिनींत उतरल्यावर तिचे निरनिराळे स्वभाव दिसूं लागले. वीजघराजवळच्या पायऱ्यांवरील दिवे तेजस्वी आणि टोंकाच्या पायऱ्यांवरील मंद, असें होऊं नये म्हणून एडिसननें मधल्या निरनिराळ्या ठिकाणीं थेट वीजघरापासून पोषक तारा आणून सोडल्या. त्यांच्यावर एकही दिवा नसे, त्या फक्त वीज पोंचवीत. यानें तांब्याची बचतही मोठी झाली. पायऱ्या वाढतील तसा प्रवाह बेसुमार वाढण्याचा धोका होता, तेव्हां वितळून वाट तोडणारी बारीक तार म्हणजे फ्यूज त्यानें १८८० सालींच योजून ठेवला होता. आपल्या घरांत एका खोलीचा फ्यूज उडाला कीं दुसरीतला दिवा चालू राहतो. फ्यूजच्या जागीं आपोआप पडणारें बटण असलें तरी व्यवस्था तीच. हिशेबासाठीं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वाटेवर जस्ताच्या पट्ट्या बुडविलेली एक बरणी असे. प्रवाहाचा ठराविक अंश तींतून जाई, आणि महिन्याकाठीं पट्टीचें वजन करून बिल निघे.

त्याच १८८२ सालीं मुंबईंतही क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लागले. मुनिसिपालिटीशीं करार केलेली ती कंपनी दुसऱ्याच वर्षीं बुडाली आणि मार्केट पुनः गॅसच्या उजेडावर आलें. मुंबईच्या घरांना वीज नियमितपणें मिळूं लागावयास १९०५ साल उजाडावें लागलें, आणि खोपोलीहून टाटांची जलविद्युत् येऊं लागली ती १९१५ सालीं.

एकसर जोडणी मूर्खपणाची होती असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. अमेरिकेंत चार्लस ब्रश यानें १८७९ मध्यें क्लीव्हलंडच्या चौकांत एकसर आर्क दिवेच लावले होते. एक दिवा बिघडला तर प्रवाहाला बाजूनें वाट करून देणारी युक्ति त्याच्या दिव्यांत असे, म्हणून बाकीचे विझत नसत. रस्त्यावरचे सगळे दिवे एकाच वेळीं लावावयाचे व एकाच वेळीं विझवावयाचे असल्यामुळें तेथें बारीक तारेंत भागणारी एकसर जोडणी पुढेंही कित्येक वर्षें टिकली.

मौजेची गोष्ट अशी कीं थोड्याच वर्षांत हाच प्रश्न पुनः नव्यानें उभा राहिला. एडिसनचा एकदिश प्रवाह मैलापलीकडे नेणें परवडेना. तेव्हां गोलार व गिब्ज या जोडीनें इंग्लंडांत प्रत्यावर्ती प्रवाह आणि ट्रान्सफॉर्मर यांची योजना मांडली. पण त्यांनीं ट्रान्सफॉर्मर जोडले एकसर! एका घरांत दिवे लागले-विझले कीं दुसऱ्या घरांतला उजेड खालींवर होई. १८८५ मध्यें बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यांतल्या झिपर्नोव्हस्की, ब्लाथी व डेरी या तिघा इंजिनिअरांनीं ट्रान्सफॉर्मरही शिडीवर टांगले, म्हणजे समांतर जोडले, आणि तो त्रास संपला. आपल्या गल्लींतला ट्रान्सफॉर्मर आजही त्याच रीतीनें जोडलेला असतो.

दिवाळीच्या दिव्यांची माळ घरांत असेल तर मुलाला दोन्ही जोडण्या एकत्र दाखवितां येतात. जुन्या पद्धतीच्या, बारीक तंतुदिव्यांच्या लांब माळेंतला एक दिवा निकामी झाला म्हणजे बहुधा सबंध माळ विझत नाहीं. तिचा एक तुकडा तेवढा विझतो. तुकड्यांतले दिवे एकमेकांशीं एकसर जोडलेले, आणि सगळे तुकडे एकमेकांशीं समांतर. माळ प्लगापासून अलग करून विझलेल्या तुकड्यांतले दिवे मोजावे आणि २३० ला त्या संख्येनें भागावें. एका दिव्याच्या वांट्याला सुमारें किती व्होल्ट येतात, तें उत्तर निघेल.